खारूताईंची जाळी

माझ्या विहीणबाईंना सगळे खारूताई म्हणतात. हे नाव दातांच्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांनी ठेवलं. काम खाऱ्या पाण्यातलं, बांधा लहानखुरा, आणि चालणं असं की इथे दिसल्या म्हणेपर्यंत त्या तिथे पोचलेल्या असतात. साठीनंतर मिळालेलं टोपणनाव सहसा टिकत नाही, पण हे चिकटलं. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या जावयाला, ते मुळीच आवडत नाही. "माझ्या आईला खार काय म्हणता?" असं त्याने एकदा दवाखान्यात विचारलं होतं. त्यावर पुढचे दोन्ही दात पडलेली एक मुलगी त्याला म्हणाली, "मग काय म्हणायचं, मासोळी?"

आम्ही दोघी विहिणी एकाच जिन्यावर राहतो. त्या तळमजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. माझे यजमान गेल्यावर मुलीनेच ही जागा शोधली. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतील आणि आपला हेलपाटा वाचेल, असा तिचा हिशेब होता. विहिणी-विहिणींचं कुठे पटतं, असं सगळे म्हणाले. आमचं पटलं, कारण मला प्रश्न विचारायची खोड आहे आणि त्यांना उत्तरं द्यायची.

शोभेच्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणं हा त्यांचा धंदा. एका हॉटेलच्या दर्शनी दालनात एक टाकी, एका वकिलांच्या ऑफिसात एक, आणि लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात एक. आठवड्याच्या ठरलेल्या वारी जायचं, काचेवरचं शेवाळ खरवडायचं, थोडं जुनं पाणी काढून नवं खारं पाणी घालायचं, मासे नीट खातात का ते बघायचं. कुणाला नवा मासा हवा असेल तर तो मागवायचा, आधी आपल्या घरी ठेवायचा आणि मगच पोचवायचा.

मूळच्या त्या पडदे शिवणाऱ्या. हॉटेलच्या दालनातले पडदे बसवायला शिडीवर चढल्या होत्या, तेव्हा खालच्या टाकीतला एक मासा पुन्हा पुन्हा दगडाला अंग घासताना त्यांना दिसला. शिडीवरूनच त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, "याला खाज सुटलीय का हो?" व्यवस्थापक म्हणाले, "खेळतोय तो." आठवड्याने पडद्यांची झालर लावायला गेल्या तर टाकी रिकामी. "खेळून दमले वाटतं सगळे," असं त्या म्हणाल्या म्हणे. मग स्वतःच चौकशा सुरू केल्या. बंदरावरच्या मासे आणणाऱ्यांना विचारलं, पुस्तकं मिळवली, मुलाच्या मागे लागून इंटरनेटवरून वाचून घेतलं. वर्षभराने त्या हॉटेलची टाकी त्यांच्याकडे आली. पडदे सुटले, पण सुईदोरा सुटला नाही. मासे पकडायची जाळी त्या स्वतः शिवत. बाजारातल्या जाळ्यांच्या गाठींनी खवले निघतात, म्हणून पडद्याच्या उरलेल्या मऊ जाळीच्या कापडाची, कडेला दुहेरी दुमड घालून, बारीक टाक्यांची. एकच जाळी, मोठ्या कौतुकाची. ती त्या कुणाच्या हातात देत नसत.

त्यांची मागची खोली म्हणजे माशांचं इस्पितळ. वाळू नाही, दगड नाही, नुसते उघडेबोडके टब, आत लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे. नवा मासा आला की तो इथे काही आठवडे राहणार. दुपारी मी खाली उतरायची, स्टुलावर बसायची आणि विचारायची.

"याला काय झालंय?"

"काही नाही. काही नाही हे नक्की करायला ठेवलाय."

माशांच्या अंगावर जगणारे किती प्रकार असतात, ते मला त्या स्टुलावर कळलं. सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे पांढरे ठिपके. माशावर कुणी मीठ भुरभुरलंय असं वाटतं. ते ठिपके काही दिवसांत आपोआप जातात, आणि इथेच माणसं फसतात. "ठिपके गेले की लोक मला फोन करतात, बरा झाला म्हणून," खारूताई सांगत. "अहो, बरा कसला! पोट भरलं म्हणून ते खाली उतरले. आता तळाशी चिकटून एकाचे शेकडो होणार आणि सगळे मिळून वर येणार. पाहुणे गेले म्हणून तुम्ही दार लावता, आणि ते स्टेशनावर बाकीच्या नातेवाइकांना घ्यायला गेलेले असतात."

दुसरा मखमलीचा रोग. त्यात अंगावर पिठासारखी पिवळट धूळ दिसते, तीही तिरप्या उजेडात. ती दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, कारण तो आधी कल्ल्यांत बसतो. मासा धापा टाकतो, पंपाच्या धारेत तोंड धरून उभा राहतो. तिसरे चपटे कृमी. हे मला सगळ्यांत विलक्षण वाटले. तिळाएवढे असतात, पण काचेसारखे पारदर्शक. माशाच्या अंगावर चिकटलेले असले तरी दिसत नाहीत. डोळा गढूळ होतो, मासा अंग घासतो, एवढीच खूण.

"मग ओळखायचे कसे?" मी विचारलं.

"गोडं पाणी," त्या म्हणाल्या, आणि इतक्या आनंदाने म्हणाल्या की जणू ते त्यांनीच शोधून काढलं होतं.

साधं नळाचं पाणी, त्यातला क्लोरीन काढलेला, टाकीइतकंच कोमट केलेलं, हवेचे बुडबुडे सोडलेलं. मासा त्यात काही मिनिटं ठेवायचा. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला मासा थोडा वेळ ते सोसतो. कृमी इवलासा, त्याला सोसत नाही. त्याच्या अंगात पाणी शिरतं, तो फुगतो, दुधासारखा पांढरा होतो आणि गळून पडतो. जो दिसत नव्हता तो मेल्यावर दिसतो. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या जीवशास्त्राच्या सिस्टर म्हणायच्या, निसर्गात कुणालाच सगळं सोसत नाही. तेव्हा ते वाक्य उपदेशासारखं वाटायचं. इथे ते बादलीत दिसत होतं.

म्हणूनच खारूताईंची गोड्या पाण्यावर फार श्रद्धा. नवा मासा आला की त्याला गोड्या पाण्याची आंघोळ. एका टाकीतून दुसऱ्या टाकीकडे निघाल्या की हात, फडकं, जाळी, सगळं गोड्या पाण्याखाली खळाळून धुवायचं आणि झाकणाच्या बादलीत टाकून पुढच्या घरी.

आता मुख्य गोष्ट. दवाखान्याच्या टाकीत एक जुना एंजल मासा होता. निळा, अंगभर पिवळ्या रेघा, ताटलीएवढा. त्याचं नाव चेअरमन. दाराकडे तोंड करून टाकीच्या मधोमध उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे नापसंतीने बघायचा. रडणारी मुलं त्याच्याकडे बघून गप्प व्हायची, त्यामुळे डॉक्टरीणबाईंना त्याचं मोल आपल्या खुर्चीपेक्षा जास्त. त्याला सोबत म्हणून त्यांनी दोन छोटे पिवळे मासे मागवले. खारूताईंनी ते आपल्याकडे आठवडेच्या आठवडे ठेवले, गोड्या पाण्यात बुडवून तपासले, मग नेऊन सोडले. थोड्याच दिवसांत त्यांचे डोळे गढूळले. दगडांना अंग घासत घासत दोघे मेले. पुन्हा दोन आणले, तेही गेले.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण एकदा मुलांसमोर मेलेला मासा काढावा लागल्यावर त्या म्हणाल्या, "खारूताई, राग मानू नका. पण रोग तुमच्याकडूनच येत नसेल ना? बाहेरून इथे दुसरं काहीच येत नाही."

खारूताई घरी आल्या त्या जिना चढून थेट माझ्याकडे. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. "माझ्या घरातून? माझ्या?" एवढंच दोनतीनदा म्हणाल्या.

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावयाला बातमी लागलेली होती. त्याचंही खरं तर चुकत नव्हतं. आदल्या वर्षी त्याची आई भरल्या बादलीसकट हॉटेलच्या पायऱ्यांवरून घसरली होती, आणि मनगट जुळेपर्यंत तो दोन्ही घरांमध्ये धावत होता. त्याच्या घरात त्यांच्यासाठी खोली तयार होती, गादीसुद्धा आणून ठेवली होती.

"आई, आता पुरे," तो म्हणाला. "लोकांचे मासे मरताहेत, तुझं मनगट दुखतंय, आणि माझ्या गाडीच्या डिकीत मीठ सांडतंय ते वेगळंच."

"मीठ सांडलं तर पुसावं."

"मी पुसतोच आहे! सात वर्षं पुसतोय!"

"मग सवय झाली असेल. तक्रार कशाला?"

माझी मुलगी हसली, तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलं. मग चमचा खाली ठेवून शांतपणे विचारलं, "रोग तुझ्याकडूनच गेला असं निघालं तर?"

खारूताईंनी क्षणभरही विचार केला नाही. "तर सगळं बंद. सगळे टब विकीन आणि तुझ्या त्या गादीवर येऊन बसेन. शब्द देते. विहीणबाई, तुम्ही साक्षीला."

"मला कशाला मध्ये ओढता?" मी म्हणाले. पण साक्षीदार झालेच.

त्यानंतर त्यांनी चोराचा शोध सुरू केला, आणि मीही बरोबर जाऊ लागले. प्रश्न साधा होता. नवे मासे स्वच्छ होते, मग टाकीत आधीपासून कोण होतं? एकटा चेअरमन. तो तर ठणठणीत, खाणं-पिणं उत्तम. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंना खारूताईंनी विचारलं, "हा कधी अंग घासतो का?"

"घासतो की हल्ली अधूनमधून," त्या म्हणाल्या. "वय झालं की खाज येतेच. मलाही येते."

खारूताईंनी माझ्याकडे बघितलं. मोठ्या, सशक्त माशाच्या अंगावर थोडे कृमी असले तर तो सोसतो. छोट्या, नव्या, घाबरलेल्या माशाला तेच जिवावर बेततात. आणि जुन्या माशाला कोण तपासतं? तपासणी नेहमी नव्याची.

दवाखान्याला सुट्टी असलेल्या दिवशी आम्ही काळ्या रंगाचा टब घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई चावी घेऊन आल्या होत्या. पाणी कोमट केलं, बुडबुडे सोडले. धोका होताच. म्हातारा मासा, कधीकधी धक्क्याने जातातही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मरणार नाही ना?" खारूताई खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "बहुतेक नाही." मग आपल्या मऊ जाळीत त्याला अलगद घेतला आणि सोडला.

चेअरमन आधी एका कुशीवर कलला. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. रोज दुसऱ्यांचे दात उपटणारी बाई. मग तो सरळ झाला, कल्ले जोरात हलू लागले. आम्ही तिघी टबावर वाकलो. आधी काहीच नाही. मग त्याच्या कपाळावर एक पांढरा ठिपका उमटला. मग पाठीवर, मग डोळ्याच्या कडेला. काही नसलेल्या जागी एकेक तीळ उगवत होता. मग ते गळायला लागले. काळ्या तळावर पांढरे तीळ सांडावेत तसे. मी असं काही जन्मात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार मजा वाटत होती.

"सापडला चोर!" खारूताई म्हणाल्या. चेअरमनला परत टाकीत सोडलं. तो थेट दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि आमच्याकडे पूर्वीपेक्षाही जास्त नापसंतीने बघू लागला.

परतताना त्या रस्ताभर बोलत होत्या. मुलाला काय सांगायचं, गादी कुणाला देऊन टाकायची, सगळं ठरलं. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न घोळत होता. शेवटी जिन्याशी आल्यावर विचारलंच. प्रश्न विचारायची खोड वाईट.

"विहीणबाई, पण चेअरमनला ते आले कुठून?"

"म्हणजे?"

"तो इतकी वर्षं तिथे एकटाच होता ना? आधी अंग घासत नव्हता. नवे मासे तर स्वच्छ होते."

त्या पायरीवर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "झोपा आता दुपारचं जरा," आणि आत गेल्या. आम्ही दोघीही दुपारी कधीच झोपत नाही.

दोन-तीन दिवस त्या वर आल्या नाहीत. मी उतरले तेव्हा त्या मोरीत उभ्या राहून जाळी धूत होत्या. नळ सोडलेला, कापड उलटसुलट करून खळाळणं चाललेलं.

"हॉटेलात मध्ये एक मासा आला होता," माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या. "व्यवस्थापकाने परस्पर आणला. त्याच्या अंगावर हेच कृमी. मी तिथेच बरा केला. पण त्याचं पाणी मी दवाखान्यात नेलं नाही. हात धुतले. जाळी धुतली, ही अशी. गोड्या पाण्यात एकसुद्धा कृमी जगत नाही, तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," मी म्हणाले. "आणि त्यांची अंडी?"

मी खोचून विचारलं नव्हतं. कोंबडी मरते तिथे अंडंही मरत असेल का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. खारूताईंनी नळ बंद केला. जाळी उजेडात धरली. मग टेबलाच्या खणातून शिवण उसवायची छोटी कात्री काढली आणि स्वतःच्या हाताने घातलेली ती दुहेरी दुमड टाका-टाका करून उसवायला लागल्या. कापडाच्या घडीत तपकिरी लव होती, पेटीच्या तळाशी लोकरीचा गोळा होतो तशी.

माझ्या यजमानांचा पितळी मायक्रोस्कोप वर कपाटात होता. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर पेन्शनीच्याही आधी त्यांनी शाळेकडून हा मागून घेतला होता. आम्ही तो खाली आणला, आरसा खिडकीकडे फिरवला. आधी त्यांनी बघितलं, बराच वेळ. मग सरकून मला जागा दिली.

वाणी बांधतो तशा कागदाच्या त्रिकोणी पुड्या, पण सोनेरी, आणि प्रत्येक पुडीला लांब दोरा. सगळे दोरे एकमेकांत आणि जाळीच्या धाग्यांत गुंतलेले. दिसायला सुंदर, हे नाकारता येणार नाही.

"दोऱ्याने अडकतात," खारूताई म्हणाल्या. "दगडाला, काचेला, कापडाला. मी वाचलं होतं हो हे. वाचलं होतं आणि माझी जाळी म्हणजे जाळी, असं धरून चालले होते."

"पण नळाखाली धुतलीत ना? मेली असतील."

"ते बघू."

त्यांनी ती लव वाटीभर खाऱ्या पाण्यात ठेवली. इतकी वर्षं गोड्या पाण्याखाली धुतलेली लव. वाटीवर बशी झाकली आणि आम्ही वाट बघितली. मी रोज सकाळी चहाआधी मायक्रोस्कोपशी जायची. माझ्या डायरीत त्या आठवड्यात "अजून काही नाही" हे वाक्य रोज आहे, आणि मग एका दिवशी "पोहताहेत!" एवढंच. पुड्यांची टोकं उघडली होती आणि इवले जीव वाटीत भिरभिरत मासा शोधत होते.

गोड्या पाण्याने आईबाप मरतात, अंडी नाही. अंडी मरतात ती वाळून. जाळी रोज उन्हात कडकडीत वाळवली असती तर त्यांना जगता आलं नसतं. पण ती होती ओल्या, झाकणाच्या बादलीत, एका टाकीकडून दुसरीकडे, मोठ्या निगुतीने.

मी त्यांना वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. "रोग तुमच्या घरातून गेला नाही. हॉटेलातून गेला."

"जाळी कुणाच्या घरातली, विहीणबाई?"



दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाकावर दोन मुलं बसली होती, त्यांच्यादेखत सांगितलं. रोग माझ्या जाळीने आणला, चेअरमनलाही माझ्या जाळीनेच दिला. डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"कसं कळणार?"

"मग सांगितलंत का?"

खारूताईंना प्रश्नच कळला नाही. "अहो, टाकीत अंडी आहेत ना! आता पुढचा मासाही मरेल. टाकी रिकामी करायला हवी."

मासा मिळाला नाही तर अंड्यांतून निघालेली पिल्लं उपाशी मरतात. म्हणून चेअरमनला बाहेर काढायचं आणि टाकी बिनमाशाची चालू ठेवायची. पाणी उबदार, म्हणजे अंडी लवकर फुटतील. ती सगळी फुटून संपेपर्यंत, कित्येक आठवडे. बिनमाशाच्या टाकीची निगा माशांच्या टाकीइतकीच. हॉटेलची टाकीही तशीच ठेवायची. वकिलांच्या माशांना डुबकी देऊन पाहिली, ते स्वच्छ निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे निस्तरेपर्यंत तरी तुम्हीच या." खारूताई म्हणाल्या, "तेवढं करते. मग बंद करणारच आहे." आणि मुलाला फोन करून तेच सांगितलं.

चेअरमन आला माझ्या न्हाणीघरात. खारूताईंचे टब हॉटेलच्या माशांनी भरले होते. माझ्याकडे दोन टब ठेवले. एकात चेअरमन, दुसरा गच्चीवर उन्हात वाळत. काही दिवसांनी गोड्या पाण्याची डुबकी, कोरड्या टबात नवं पाणी, तिकडे बदली, आणि पहिला टब उन्हात. अंगावरून गळालेली अंडी मागे राहून वाळून मरायची. मी तेवढे आठवडे आंघोळीला खाली जात होते. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या घरात मासा आंघोळ करतो आणि तू खाली जातेस?" मी म्हणाले, "तो चेअरमन आहे."

पाण्याच्या जड बादल्या उचलायला जावई यायचा. येताना कुरकुर, जाताना कुरकुर. पण चुकला नाही. हळूहळू त्याला सगळं पाठ झालं. आता जाळ्या तीन होत्या, प्रत्येक टाकीला वेगळी, दुमड नसलेली, एकेरी शिवणीची. ओली जाळी बादलीत टाकली की खारूताई खेकसायच्या, "उन्हात! आधी उन्हात!" शेवटी शेवटी तर गच्चीवरच्या दोरीवर जाळ्या चिमट्याने लावताना तोच दिसायचा. शेजाऱ्यांनी विचारलं, एवढ्या बाळाच्या टोप्या कुणाच्या? तो पुढचा चिमटा लावत राहिला.

टाकी स्वच्छ झाली. चेअरमनच्या अंगावरून डुबकीत एकही तीळ गळेना. तो घरी परतला, आणि काही आठवड्यांनी दोन नवे पिवळे मासे सोडले, ते जगले. डोळे स्वच्छ, अंग घासणं नाही. खारूताईंनी शब्दाप्रमाणे आवराआवर सुरू केली. हॉटेलची आणि वकिलांची टाकी दुसऱ्या एका माणसाकडे सोपवली. दवाखान्याची, काउंटरवरच्या बाई सांभाळते म्हणाल्या. आम्ही सगळे शेवटच्या दिवशी गेलो. गाडीत त्यांची बॅग होती, तिथूनच मुलाकडे जायचं होतं.

खारूताईंनी त्या बाईंना सगळं दाखवलं. काच कशी खरवडायची, पाण्यात मीठ किती, खाणं किती. बाईंनी मान डोलवली. मग नमुन्यादाखल बाईंनीच जाळीने टाकीतला शेवाळाचा एक तुकडा उचलला, जाळी नळाखाली छान खळाळून धुतली, झाकणाच्या बादलीत टाकली आणि हात पुसले.

"अहो बाई, बादलीत काय टाकता!" आवाज जावयाचा होता. दवाखान्यातलं एक मूल दचकून रडायला लागलं. "वाळवायची ती! नुसतं गोडं पाणी पुरत नाही, धाग्यांत अंडी अडकतात, दोरे असतात त्यांना! उन्हात, कडकडीत! आणि ही जाळी दुसऱ्या कशाला लावायची नाही!" त्याने बादलीतून जाळी काढली, झटकली आणि खिडकीच्या गजाला अडकवली. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडे बघताहेत. चेअरमनसुद्धा.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मला नाही जमायचं बाई हे."

खारूताई मुलाकडे बघत राहिल्या.

तो खिडकीतली जाळी उगाच नीट करत म्हणाला, "मंगळवारी किती वाजता यायचंय तुला इथे?"

"मी शब्द दिला होता."

"मलाच दिला होतास ना? मग परत घे तो. पण बादल्या मी उचलणार."

"तुझ्या डिकीत मीठ सांडतं."

"सांडू दे," तो म्हणाला. "पुसायची सवय झालीय."

गाडी आमच्याच जिन्याशी परत आली. बॅग उचलून आत ठेवताना खारूताई मला म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही साक्षीला होतात. काही बोलला नाहीत."

"मला कुणी विचारलंच नाही," मी म्हणाले, आणि न्हाणीघरातला, शेवटच्या वेळी वाळत घातलेला टब आणायला गच्चीवर गेले.